अर्धमॅरेथॉन धावून बाल-कर्करोग विभागासाठी निधी उभारायचा आहे: सल्ला हवा

गोदाकाठ (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, धावायची आणि त्या निमित्ताने परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेणाऱ्या मुलांसाठी निधी गोळा करायचा, असे मी ठरवले आहे. माझे वय पंचेचाळीस आहे, नोकरी दिवसभर खुर्चीत बसून करायची आहे आणि डोंबिवलीची गाडी पकडण्यासाठी फलाटावर केलेली धावपळ सोडली, तर धावण्याचा अनुभव शून्य आहे. जुलै नुकताच लागला असल्यामुळे तयारीला सहा महिने हाताशी आहेत.

कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या मुलीवर तिथे रक्ताच्या कर्करोगाचे उपचार सुरू आहेत आणि त्या निमित्ताने तीन-चार वेळा त्या परिसरात जाणे झाले. बाह्यरुग्ण विभागाबाहेर पिशव्या, फायलींचे गठ्ठे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेली कुटुंबे पाहिल्यावर आपण काहीतरी करावे असे वाटले, मात्र नेमके काय करावे हे ठरत नाही. विभागात खेळणी किंवा दूरचित्रवाणी संच द्यावा, की रोख रक्कम औषधांसाठी द्यावी? पैसे आधी माझ्या खात्यात घेऊन मग एकरकमी धनादेश द्यावा, की देणगीदारांनी थेट संस्थेकडे पाठवावेत? आणि मुख्य म्हणजे, या वयात पहिल्यांदाच पळायला लागणाऱ्या व्यक्तीने एवढे अंतर अंगावर घ्यावे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

हिशेबनीस

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बहुतेक चांगल्या उपक्रमांचा विचका तिथेच होतो. लोकांचे पैसे स्वतःच्या खात्यात किंवा स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका. तुमच्या सचोटीबद्दल शंका आहे म्हणून हे म्हणत नाही. नातेवाईक नसलेल्या व्यक्तींकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली रक्कम पन्नास हजारांच्या वर गेली, की आयकराच्या नियमांनुसार ती सगळीच तुमचे उत्पन्न धरली जाऊ शकते, आणि मग दुसऱ्याच्या उपचारांसाठी आलेल्या पैशांचा खुलासा तुम्हाला देत बसावे लागेल. दुसरे असे की, धर्मादाय कामासाठी जनतेकडून वर्गणी गोळा करायची असेल, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील कलम ४१ क आडवे येते. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे जे कागद घेऊन जातात ते याच कलमाखाली. नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात पैसे थेट गेले, तर या दोन्ही भानगडी तुमच्या वाट्याला येत नाहीत.

देणगीदाराला ८०जीची (आयकरातल्या सवलतीची) पावती त्याच्या नावाने आणि त्याच्या पॅन क्रमांकासह मिळाली पाहिजे. तुमच्या नावाने एकत्रित पावती निघाली, तर त्याला सवलत मागता येणार नाही. दोन हजार रुपयांहून जास्त रक्कम रोख दिली, तर तिच्यावर ही सवलत मिळत नाही, तेव्हा सोसायटीत डबा फिरवण्याचा मोह आवरावा. शिवाय नवी करप्रणाली निवडलेल्यांना ८०जीचा काहीच उपयोग नाही. पगारदारांपैकी बरेच जण आता त्याच प्रणालीत आहेत, म्हणून ‘कर वाचेल’ हे कारण पुढे करून देणगी मागू नका. ते खरे निघाले नाही, तर माणूस पुढच्या वर्षी दारात उभा करणार नाही.

आणखी एक गोष्ट लेखी घ्या. आलेला निधी संस्थेच्या सर्वसाधारण खर्चात मिसळणार, की तुम्ही सांगितलेल्या उद्देशासाठीच राखून ठेवला जाणार, हे आवाहन करण्यापूर्वी विचारून घ्यायला हवे. आवाहनात ‘बाल-कर्करोग विभागासाठी’ असे लिहिले आणि रक्कम रुग्णालयाच्या सामायिक निधीत गेली, तर त्यात बेकायदेशीर काही नसले, तरी देणाऱ्याला फसवल्यासारखे वाटते.

सडेतोड

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. बूट, घड्याळ, नोंदणी शुल्क, कपडे, प्रशिक्षकाची फी आणि आदल्या रात्रीचे हॉटेल यांची बेरीज केली, तर एखाद्या कुटुंबाच्या दोन-तीन महिन्यांच्या खोलीभाड्याएवढी रक्कम सहज होते. ती रक्कम गुपचूप रुग्णालयाच्या खात्यात भरली, तर काय बिघडले? आपण घाम गाळल्याचे चार लोकांनी पाहावे आणि आजारी मुलांच्या नावावर आपले छायाचित्र झळकावे, यात सेवा किती आणि हौस किती, हे ज्याचे त्याने तपासावे. हिमालयातल्या तळछावणीपर्यंत ‘कर्करोगग्रस्तांसाठी’ जाणाऱ्या आणि त्या सहलीचा अर्धा खर्च देणगीतून भागवणाऱ्या मंडळींची पत्रके मी वाचली आहेत. जो जाणार त्याने स्वतःच्या पैशाने जावे, एवढी साधी अपेक्षा ठेवणे चूक आहे का?

टेम्सकाठ

सडेतोड यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे, बाकीच्याशी नाही.

मी गेली बरीच वर्षे लंडनमध्ये राहते. इथली मॅरेथॉन १९८१ मध्ये सुरू झाली आणि आता तिच्यात धावणाऱ्यांचा मोठा हिस्सा कुठल्या ना कुठल्या संस्थेसाठी धावतो. संस्था शर्यतीतल्या काही जागा विकत घेतात आणि किमान अमुक रक्कम, बहुधा २,००० पौंड किंवा त्याहून अधिक, उभी करण्याची हमी देणाऱ्याला त्या देतात. देणगीदार इथला करदाता असेल, तर त्याने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे २५ पेन्सची भर सरकार संस्थेला घालते. या पद्धतीमुळे ज्यांनी एरवी कर्करोगाच्या संस्थेचे संकेतस्थळ कधी उघडलेही नसते, असे शेजारी, जुने वर्गमित्र आणि कार्यालयातले सहकारी दहा-वीस पौंड देऊन जातात. गुपचूप दिलेली देणगी एकाच खिशातून येते. धावणाऱ्याच्या मागे शंभर खिसे असतात, आणि त्यांतले नव्वद तरी त्याने मागितले नसते तर उघडलेच नसते.

तरीही इथेही ‘आव्हानात्मक सहल’ नावाचा प्रकार आहे. किलिमांजारो किंवा माचू पिचूची मोहीम आणि तिचा खर्च गोळा केलेल्या निधीतून! अशा ठिकाणी मी आधी विचारते की सहभागी व्यक्ती स्वतःचा खर्च स्वतः करते आहे का. गोदाकाठ यांनी आवाहनाच्या पहिल्याच परिच्छेदात ‘नोंदणी, बूट आणि प्रवास यांचा खर्च माझा आहे’ असे एक वाक्य घातले, की सडेतोड यांचा अर्धा आक्षेप निकाली निघेल.

परदेशातल्या नातलगांकडे हात पसरण्यापूर्वी एक बाब ध्यानात ठेवावी. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय निधीत धरली जात नाही. पण ज्याने ब्रिटिश किंवा अमेरिकी नागरिकत्व घेतले आहे, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, त्याची देणगी परकीय ठरते आणि एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) नोंदणी नसलेल्या संस्थेला ती स्वीकारता येत नाही. माझ्या एका आत्तेभावाचे पैसे याच कारणाने एका छोट्या संस्थेने परत पाठवले होते, आणि संस्थेने केले ते योग्यच होते.

सांजवात

इथे फारसे लिहीत नाही, पण हा विषय माझ्या घरातला आहे. माझ्या मुलाला सहाव्या वर्षी तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाला. लहान मुलांच्या कर्करोगांत हा सगळ्यांत जास्त आढळतो आणि त्याचे उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात. आम्ही विदर्भातले. मुलगा आता शाळेत जातो. त्याचे वडील गावी नोकरी सांभाळत राहिले आणि मी दादरच्या एका धर्मशाळेत त्याच्याबरोबर राहिले.

खेळण्यांविषयी आधी सांगते. केमोमुळे पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या मुलाजवळ कापडी अस्वल ठेवू देत नाहीत, कारण त्यात धूळ आणि जंतू बसतात. पुसून घेता येतील अशी प्लॅस्टिकची खेळणी चालतात, पण ती वाढदिवस साजरे करायला येणाऱ्या मंडळींकडून भरपूर येतात. दूरचित्रवाणी संचाची गरज कुणी मला कधी बोलून दाखवली नाही. औषधांचेही ऐका. रुग्णालयाची मदत, महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आणि विश्वस्त निधी यांच्या आधाराने मुख्य उपचारांचा खर्च बऱ्याच कुटुंबांचा भागतो. देखभालीच्या शेवटच्या दीड-दोन वर्षांत रोज घ्यायच्या आणि आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या तर फारशा महागही नाहीत. माणूस मोडतो तो राहण्याने, जेवणाने आणि बुडालेल्या मजुरीने.

याचे कारण बाहेरच्याला पटकन लक्षात येत नाही. पहिल्या काही महिन्यांत मुलाला १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर तो साधा ताप समजायचा नसतो. पेशी कमी असताना संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो, म्हणून शक्य तितक्या लवकर प्रतिजैविकाचे इंजेक्शन मिळाले पाहिजे. यवतमाळला किंवा पाटण्याला बसून ते होत नाही, त्यासाठी टॅक्सीने वीस मिनिटांत पोहोचता येईल असा निवारा लागतो. तो मिळाला नाही, की लोक पदपथावर दिवस काढतात आणि एक दिवस गाशा गुंडाळून गावी परततात. उपचार अर्धवट सोडलेल्या मुलाचा आजार उलटतो.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघराची. उपचारांच्या पहिल्या टप्प्यात स्टिरॉइडच्या गोळ्या असतात आणि त्यांनी मुलांना अशी भूक लागते की सांगून खरे वाटणार नाही. माझा मुलगा रात्री दोन वाजता उठून बटाट्याची भाजी आणि पोळी मागायचा, आणि ती समोर येईपर्यंत आक्रोश करायचा. बाहेरचे, उघड्यावरचे काही द्यायचे नाही, पाणी उकळूनच द्यायचे, फळ सोलूनच द्यायचे. आमच्या धर्मशाळेत सामायिक स्वयंपाकघर होते. प्रत्येक कुटुंबाच्या कुकरवर तैलरंगाने खोलीचा क्रमांक रंगवलेला असायचा आणि रात्री-अपरात्री कुठली तरी एक शेगडी पेटलेली असायचीच. कुणाच्या शिट्टीने कुणाची झोप मोडली, तरी तक्रार करायची नाही, हा तिथला अलिखित नियम होता. ज्या निवाऱ्यात शेगडी नाही, तिथल्या आईने रात्री दोन वाजता काय करावे?

म्हणून मला विचाराल, तर तुमचा निधी मुलांच्या निवाऱ्यासाठी आणि आहारासाठी जावा. मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स निवाऱ्याचे आणि कडल्स फाउंडेशन मुलांच्या आहाराचे काम करतात. शिवाय रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जाऊन विचारले, तर या घटकेला कशाची कमतरता आहे ते तिथली माणसे नेमके सांगतात.

एक विनंती मात्र हात जोडून आहे. आवाहनावर केस गेलेल्या, नाकात नळी घातलेल्या मुलाचे छायाचित्र लावू नका. पालक त्या अवस्थेत कुठल्याही कागदावर सही करतात. ते मूल बारा वर्षांचे झाल्यावर त्याचे वर्गमित्र ते चित्र शोधून काढतात, आणि तेव्हा ते पुसायला कुणी येत नाही.

गोदाकाठ

सांजवात, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. खेळणी आणि दूरचित्रवाणी संच हे दोन्ही यादीतून काढले. पुढच्या आठवड्यात रजा घेऊन समाजसेवा विभागात जाऊन येते आणि निवारा व आहार यांपैकी कशासाठी निधी राखून ठेवता येईल, ते हिशेबनीस म्हणतात तसे लेखी विचारते. छायाचित्र लावायचेच झाले, तर माझेच लावेन, पावसात भिजलेले.

धावण्याबद्दल अजून कुणी काही बोललेले नाही. ते शक्य आहे की मी पाच-सहा किलोमीटरच्या ड्रीम रनमध्येच समाधान मानावे?

टेकडीवरचा

शक्य आहे, पण आधी डॉक्टरांकडे जा. पंचेचाळिशीत बैठ्या कामातून उठून धावायला लागणाऱ्याने रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि हृदयाचा आलेख तपासून घेतल्याशिवाय बुटांच्या दुकानाकडे फिरकू नये. सगळे ठीक असेल, तर सहा महिने पुरेसे आहेत.

पहिले सहा आठवडे धावण्याचा हट्ट धरू नका. दोन मिनिटे हळू पळायचे आणि दोन मिनिटे चालायचे, असे अर्धा तास, आठवड्यातून तीन दिवस आणि दोन सत्रांमध्ये एक दिवस विश्रांती. पळताना शेजाऱ्याशी सलग वाक्य बोलता येत नसेल, तर वेग जास्त आहे असे समजावे. आठवड्याचे एकूण अंतर साधारण दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर चौथ्या आठवड्यात ते थोडे कमी करावे. नव्या धावपटूंचा दम लवकर वाढतो, पण घोटा, नडगी आणि गुडघा यांचे स्नायुबंध मागे राहतात, आणि दुखापती होतात त्या नेमक्या याच तफावतीमुळे. म्हणून आठवड्यातून दोनदा घरच्या घरी उठाबशा, टाचा उचलणे आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम करावेत. डिसेंबरच्या शेवटी एक लांब धाव सतरा-अठरा किलोमीटरची झाली, की पुरे. शर्यतीआधी पूर्ण एकवीस धावून पाहण्याची आवश्यकता नसते, आणि शेवटचे दोन आठवडे अंतर कमीच करायचे असते.

काही मंडळी तुम्हाला सप्टेंबरमधल्या साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनचा आग्रह करतील. यवतेश्वराचा घाट सुंदर आहे, धुक्यात तर फारच, पण पहिल्या वर्षी तिकडे जाऊ नका. त्याऐवजी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एखादी दहा किलोमीटरची सपाट शर्यत करावी. मुंबईत जानेवारीतही पहाटेच्या हवेत दमटपणा असतो, घाम वाळत नाही आणि सूर्य वर आला की पावले जड होतात. पेडर रोडच्या चढाचा अनेकांना धसका असतो. तिथे सरळ चालावे, लाजू नये. पाणी तहानेप्रमाणे प्यावे, प्रत्येक टेबलापाशी पेला रिकामा करू नये, कारण नुसते पाणी अति प्यायल्याने रक्तातले सोडियम घसरते आणि मंदगतीने धावणाऱ्यांनाच तो धोका अधिक असतो. मीठ-साखरेचे द्रावण जवळ ठेवलेले बरे.

तुमची वेळ तीन तासांच्या आसपास येईल असे धरून चाला. देणगीदारांपैकी कुणीही वेळ विचारत नाही. विचारतात ते फक्त धावपटू.

परळकर

पैशांबरोबर आणखी एका मदतीचा विचार व्हावा, असे सुचवतो. ल्युकेमियाच्या मुलांना केमोच्या काळात बिंबिका, ज्यांना सगळे प्लेटलेट म्हणतात, वारंवार द्याव्या लागतात, आणि त्या जेमतेम पाच दिवस टिकतात. त्यामुळे रक्तपेढीला त्यांचा मोठा साठा करून ठेवताच येत नाही. यंत्राच्या साहाय्याने एकाच दात्याकडून त्या काढून घेतात, रक्ताचा बाकीचा भाग त्याच्या शरीरात परत जातो आणि या सगळ्याला तास-दीड तास लागतो. गणपती, दिवाळी आणि मे महिना या काळात दाते गावी गेलेले असतात आणि तेव्हा तिथे खरी ओढाताण होते. धावपटूंचे गट दर रविवारी पहाटे एकत्र येतातच. त्यांतल्या चार-सहा निरोगी जणांनी आपली नावे रक्तपेढीकडे नोंदवून ठेवली, तर त्याचे मोल कुठल्याही धनादेशापेक्षा कमी नाही. फक्त दान केल्यावर चोवीस तास जोराचा व्यायाम टाळावा आणि शर्यतीच्या आठवड्यात देऊ नये.

जाता जाता: हे रुग्णालय उभे राहण्यामागेही ल्युकेमियाच आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये त्या आजाराने गेल्या, पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी गेले आणि त्यांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळची ही इमारत सुरू झाली. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे.

सडेतोड

सांजवात यांचे लिहिणे वाचून माझा सूर उतरला, हे मान्य करतो. तरी एक प्रश्न उरतोच. ‘प्रति किलोमीटर शंभर रुपये’ अशा पद्धतीने लोक बोली लावतात. गोदाकाठ यांचा पाय चौदाव्या किलोमीटरवर मुरगळला, तर उरलेल्या सात किलोमीटरांचे सातशे रुपये मुलांना मिळणार नाहीत, असा त्याचा अर्थ झाला. मुलांच्या जेवणाची रक्कम एका मध्यमवयीन बाईंच्या घोट्यावर अवलंबून ठेवणे मला विचित्र वाटते.

टेम्सकाठ

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कॅनडात सापडते. टेरी फॉक्स या तरुणाचा उजवा पाय हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये गुडघ्याच्या वरून कापावा लागला होता. १२ एप्रिल १९८० रोजी त्याने न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सहून कृत्रिम पायावर धावायला सुरुवात केली. देश पूर्वेकडून पश्चिमेपर्यंत ओलांडायचा आणि प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर कर्करोगाच्या संशोधनासाठी मिळवायचा, असा त्याचा संकल्प होता. रोज जवळजवळ एका मॅरेथॉनएवढे अंतर तो कापत होता. १ सप्टेंबरला, ५,३७३ किलोमीटर झाल्यावर, थंडर बेजवळ त्याला थांबावे लागले, कारण आजार फुप्फुसांत पसरला होता. तो प्रशांत महासागरापर्यंत पोहोचला नाही. पण लोकांनी ‘अंतर पूर्ण झाले नाही’ म्हणून हात आखडता घेतला नाही. फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी २ कोटी ४१ लाख डॉलरांवर गेला, म्हणजे त्या वेळच्या लोकसंख्येइतका, आणि जूनमध्ये तो वारला. वय होते बावीस.

व्यवहारात सांगायचे, तर प्रति किलोमीटर बोली लावूच नये. ठरावीक रक्कम आधीच संस्थेच्या संकेतस्थळावरील देणगीच्या पानावर भरून घ्यावी. माझा अनुभव असा आहे की शर्यतीनंतर ‘देतो’ म्हणणाऱ्यांपैकी निम्मे विसरतात, आणि त्यांना आठवण करून देणे हे धावण्याहून कठीण काम आहे.

हिशेबनीस

सहमत. मागताना रक्कम सुचवावी आणि ती कशाची आहे हेही सांगावे. ‘यथाशक्ती द्या’ म्हटले की माणूस गोंधळतो आणि उद्यावर ढकलतो. समाजसेवा विभागाकडून किंवा निवारा चालवणाऱ्या संस्थेकडून एका कुटुंबाच्या एका दिवसाचा आणि एका आठवड्याचा खरा खर्च विचारून घ्या आणि तोच आकडा आवाहनात द्या, अंदाजपंचे काही लिहू नका. पानावरची पहिली देणगी तुमची स्वतःची असावी. शून्यावर असलेल्या पानावर पहिले नाव टाकायला कुणी धजत नाही.

कार्यालयात मनुष्यबळ विभागाकडे चौकशी करा. कर्मचाऱ्याने जमवलेल्या रकमेइतकी भर स्वतःहून घालण्याची पद्धत काही कंपन्यांत आहे. ती रक्कम सामाजिक दायित्वाच्या निधीतून येणार असेल, तर संस्थेची त्यासाठीची स्वतंत्र नोंदणी असावी लागते. ती आहे का हे आताच पाहून ठेवा, कारण मार्चअखेरीस सगळ्यांचीच घाई असते.

गोदाकाठ

काल परळला जाऊन आले. समाजसेवा विभागातल्या बाईंनी वीस मिनिटे दिली, आणि त्या वेळात तीन वेळा कुणीतरी दारातून डोकावून गेले. त्यांचे म्हणणे सांजवात यांच्या म्हणण्याशी तंतोतंत जुळले: निवारा, आहार आणि गावी ये-जा करण्याचा खर्च. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण आणि सोबत्याला पाऊणपट सवलत असते, पण स्थानकापासून खेड्यापर्यंतच्या जीपचे आणि रिक्षाचे पैसे कुणी धरत नाही, हे त्यांनी आवर्जून सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठेवलेल्या उद्दिष्टाचाही उल्लेख निघाला. २०३० पर्यंत कर्करोग झालेल्या मुलांपैकी किमान साठ टक्के मुले जगभर वाचावीत, असे ते आहे. श्रीमंत देशांत आजच ऐंशी टक्क्यांहून जास्त मुले बरी होतात आणि गरीब देशांत तीस टक्केसुद्धा होत नाहीत. या दरीचे एक कारण अर्धवट सुटलेले उपचार हे आहे, असे त्या म्हणाल्या, आणि तेवढ्या एका कारणावर तरी माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला काही करता येते.

आता ठरले ते असे. निधी मुलांच्या निवाऱ्यासाठी आणि आहारासाठी राखीव राहील आणि त्याविषयीचे पत्र संस्था देणार आहे. देणगी थेट संस्थेच्या पानावर भरायची. माझा सगळा खर्च माझा. आजारी मुलांची छायाचित्रे नाहीत. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन कमी असल्याचे सांगितल्यामुळे मला लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत, आणि प्लेटलेटचे दान तूर्त माझ्याकडून होणार नाही. परळकर, माझ्या भावाने आणि त्याच्या दोन मित्रांनी मात्र नावे द्यायचे कबूल केले आहे. त्यांनी कुठल्या वेळी जावे, हे कृपया कळवावे.

परळकर

त्यांनी रक्तपेढीला आधी दूरध्वनी करून वेळ घ्यावी, व्यवस्थित जेवून जावे, सोबत ओळखपत्र ठेवावे आणि आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेऊ नये. पहिल्या खेपेला दान न होता फक्त तपासणी होण्याची शक्यता आहे, तेव्हा सकाळचा वेळ मोकळा ठेवूनच यावे.

टेकडीवरचा

लोहाच्या गोळ्या सुरू असेपर्यंत चाल-धावीचे प्रमाण आहे तेच ठेवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा. हिमोग्लोबिन वर आले नाही, तर अर्धमॅरेथॉनऐवजी ड्रीम रन करावी आणि पानावर तसे कळवावे. डोंबिवली-ठाणे पट्ट्यात रविवारी पहाटे येऊरच्या पायथ्याशी धावपटू जमतात. एकटीने अंधारात पळण्यापेक्षा तिथे या.